दोन सर्जन, दोन सल्ले: ठरवायचं कसं?

प्रश्न: सोनोग्राफीत आईच्या पित्ताशयात खडे दिसले. एक सर्जन ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. आम्हाला यातलं काय कळणार?

उत्तर १: त्रास नसलेल्या खड्यांना सहसा ऑपरेशन लागत नाही. त्यामुळे त्रास होतो का, हेच कळीचं, आणि ते घरच्यांनाच नीट दिसतं. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी, बहुधा जेवणानंतर, अर्धा तास ते काही तास टिकणारी कळ आली की तारीख, वेळ, काय खाल्लं ते लिहा. नुसती ढेकर-गॅस म्हणजे खड्यांचा त्रास नव्हे. दोघांना वेगवेगळी माहिती मिळाली की सल्लेही वेगळे येतात. तीच वही दोघांना दाखवा.

उत्तर २: दोघांनाही विचारा, "ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? कशामुळे तुमचं मत बदलेल?" उत्तर टाळलं तर तिसरं मत खुशाल घ्या.

उत्तर ३: ताप, थंडी, डोळे पिवळे किंवा न थांबणारी कळ असेल तर मतं जुळवत बसू नका, तडक इमर्जन्सीत न्या.