कादंबरी १८१३ ची, चित्रातली बाई १८३३ ची?

रेघोट्या:
जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीच्या जुन्या सचित्र आवृत्त्या समोर ठेवून नेदरफिल्डच्या हवेलीतल्या बॉलचं, म्हणजे नृत्यसमारंभाचं, चित्र काढतेय. पण १८३३ आणि १८९४ च्या आवृत्त्यांतल्या एलिझाबेथ (नायिका) एकमेकींशी जुळतच नाहीत. कुठली धरू?

मलमल:
१८३३ ची बाजूला ठेवा. बेंटली या प्रकाशकाच्या त्या आवृत्तीत पात्रांना सरळ १८३३ चेच कपडे चढवलेत. आधी कमरेची शिवण बघायची. १८१३ मध्ये ती छातीच्या लगेच खाली असते. १८३३ मध्ये ती खऱ्या कमरेवर उतरलीय, खाली भरपूर घेर आणि बाह्या दंडाशी फुग्यासारख्या.

१८९४ ची, म्हणजे मुखपृष्ठावर सोनेरी मोर असलेली, ह्यू थॉमसन या चित्रकाराची. काळ बरोबर पकडलाय, पण ऐंशी वर्षांनी, जरा लाडाने. हावभाव तिथून घ्या. शिवणकाम मात्र १८०९ पासून निघालेल्या ॲकरमनच्या मासिकातल्या रंगीत फॅशन-प्लेट्सवरून, म्हणजे तेव्हाच्या कपड्यांच्या छापील चित्रांवरून.

नेहमीची चूक: आजच्या सवयीने छाती खाली काढली जाते आणि बाई गरोदर दिसते. तेव्हाचं कॉर्सेट छाती वर उचलायचं, त्यामुळे ती खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर हवी. चुण्या पाठीमागे घाला, पुढची बाजू सपाट.

दोन पावलं:
कपडे जमले तरी उभं राहणं चुकतं. वॉल्ट्झसारखा कमरेवर हात नको! कंट्री डान्समध्ये पुरुषांची एक रांग, समोर बायकांची. हातमोजे दोघांनाही, बायकांचे कोपराच्या वर जाणारे, जेवताना काढायचे. नायक डार्सीला गुडघ्यापर्यंतची ब्रीचेस (तुमान), पांढरे रेशमी मोजे आणि पातळ पंप्स (हलके जोडे) द्या. उंच बूट फक्त घोड्यावर बसताना.

बेनेट कुटुंबाचा नातलग कॉलिन्स स्वतःहून डार्सीशी ओळख करून घेतो तो क्षण काढणार असाल तर हस्तांदोलन नको. कॉलिन्स कमरेत वाकलेला, डार्सी ताठ. ओळखीची सुरुवात वरच्या दर्जाच्या माणसाने करायची असते, म्हणूनच एलिझाबेथ कॉलिन्सला अडवू बघते. तिचा चेहरा चित्रात हवाच.

रेघोट्या:
आणि एलिझाबेथची आई मिसेस बेनेट, धाकटी बहीण लिडिया यांच्या डोक्यावर?

मलमल:
मिसेस बेनेटला घरात पांढरी लेसची टोपी, बॉलला फेट्यासारखं टर्बन. वर पीस खोवलंत तरी तिला शोभेल. लिडिया त्या रात्री अजून अविवाहित, तेव्हा डोकं उघडं: केस मागे उंच बांधलेले, कपाळावर आणि कानांपाशी कुरळ्या बटा. बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली फितीने बांधायची टोपी, घराबाहेर पडतानाच.