कॉलच्या नोंदी आणि मुलांशी बोलणे

मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील कॉलच्या नोंदी रोज रात्री तपासल्या की काळजी मिटते, असे काही पालक म्हणतात; त्याला थोडी पुस्ती जोडतो. हे कॉल इंटरनेटवरून होत असल्यामुळे मोबाइल कंपनीच्या बिलात ते क्रमांकवार येत नाहीत, आणि अ‍ॅपच्या ‘कॉल्स’ विभागातील नोंद मूल क्षणात पुसू शकते. त्यामुळे कोरी यादी पाहून निश्चिंत होणे मला धोक्याचे वाटते.

त्यापेक्षा मुलाला शेजारी बसवून, त्याच्यादेखत, प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये अनोळखी कॉल निःशब्द करण्याची सोय चालू करावी, आणि ग्रुपमध्ये घेण्याची मुभा केवळ ओळखीच्या क्रमांकांना ठेवावी. निःशब्द केलेल्या कॉलची नोंद यादीत राहतेच. आमच्या खानापूर भागात घरोघरी कोणी ना कोणी कामासाठी गोव्यात किंवा कोल्हापूरकडे असते, म्हणून काका-मामांचे क्रमांक आधी नावानिशी जतन करावेत, नाहीतर त्यांचेच कॉल वाजणार नाहीत.

एखाद्याने मुलाकडे फोटो मागितले किंवा धमकावले, तर संतापाच्या भरात संभाषण पुसू नये, कारण पोलिसांना तोच पुरावा लागतो; आणि मुलाचा फोन हिसकावून घेऊ नये, कारण पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे, तर ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ कळवावे. हे दोन्ही क्रमांक आम्ही घरात दिनदर्शिकेवर लिहून ठेवले आहेत, म्हणजे आजी-आजोबांनाही सापडतात.