मदत हवी आहे: मुकादमाच्या माणसांची मजुरी थेट खात्यात द्यावी का?

पुण्यात फॉल्स सीलिंगची कामं करणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. मजुरीचं बिल मुकादमाच्या नावावर, तो प्रोप्रायटर, पॅन आहे. 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून पुढच्या महिन्याच्या 7 तारखेआत भरतो. अडतं ते शनिवारी. त्याला उचल (बिलाआधीची आगाऊ रक्कम) रोखीत हवी असते, आणि एकाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली की तो खर्च आयकरात धरत नाहीत. शिवाय टीडीएस उचलीच्या दिवशीच कापावा लागतो, बिलापर्यंत थांबता येत नाही.

माणसांचे पैसे मधे अडकू नयेत म्हणून थेट त्यांच्या खात्यात टाकून मुकादमाच्या बिलातून वळते करायचे म्हणतोय. पण मग पीएफ, ईएसआयसाठी (भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा) ती आमचीच माणसं धरतील का? मुकादमाचं संमतिपत्र आणि त्याच्या सहीचा हजेरीपट पुरेल? कराराचा मसुदा असल्यास कृपया टाका.