प्रिंटएफच्या ३१२ वॉर्निंग, बजेट २००० रुपये. टूल सुचवा

उद्यमबाग_बोर्डवाला: बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतल्या मशीनवर नग मोजायचा कॉर्टेक्स-एम (एआरएमची छोटी चिप) बोर्ड बनवतो. जुन्या सी कोडला -डब्ल्यूऑल (कंपायलरच्या वॉर्निंग चालू करायचा पर्याय) लावलं तर प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनात फॉरमॅटच्या ३१२ वॉर्निंग यायल्यात. यूइंट३२_टीला (३२ बिटचा, कधी उणे न होणारा आकडा) सगळीकडं %डी (उणेही होणाऱ्या आकड्याची खूण) लिहिलंय. आठ दिवसांत आटपायचंय, खर्च दोन हजारांच्या आत.

खानापूरकर: स्टॅटिक अॅनालिसिसच्या (कोड न चालवता चुका शोधायच्या) टूलचं लायसन्स घ्या. आम्हाला लाखाच्या वर पडलं, पण झोप लागते.

निपाणी_६४: %डी हलक्यात घेऊ नका. आमचा मिलिसेकंदांचा काउंटर %डीनं छापायचा. मशीन सलग चालू, २५व्या दिवशी पडद्यावर उणे आकडे. रात्री अकराला गिऱ्हाइकाचा फोन, लाइन बंद.

चिकोडी_कोडर: %यू (उणे नसलेल्या आकड्याची खूण) टाका, झालं. माझ्या लिनक्सवर एक वॉर्निंग येत नाही.

टिळकवाडी: तुमच्या लिनक्सवर यूइंट३२_टी म्हणजे अनसाइन्ड इंट. एआरएमच्या जीसीसी कंपायलरात तोच अनसाइन्ड लाँग, म्हणून तिथं %यूलाही वॉर्निंग येते. इंटटाइप्स.एचमधलं पीआरआययू३२ (त्या त्या बोर्डाला योग्य खूण घालणारं मॅक्रो) वापरा.

चिकोडी_कोडर: दोन्ही ३२ बिटच की! आकडा बरोबरच येणार.

टिळकवाडी: आज येईल. कोड दुसऱ्या बोर्डावर नेल्यावर?

कर्नलवाला: आमच्याकडं लिनक्स कर्नलमध्ये पीआरआयवाली मॅक्रो वापरत नाहीत. यू६४ला (६४ बिटचा आकडा) %एलएलयू, साइझ_टीला (मेमरीतल्या आकाराचा आकडा) %झेडयू.

खानापूरकर: तो बोर्डाचं विचारतोय हो, कर्नलचं नाही. पीआरआययू३२च वापरा.

हिंडलगा_एआरएम: आधी ६४ बिटवाल्या ओळी धरा, खरा धोका तिथं. प्रिंटएफ("वेळ %डी नग %डी") ला ६४ बिटची वेळ दिली की ती आर२-आर३ या रजिस्टरांत (प्रोसेसरमधले कप्पे) बसते, आर१ रिकामा सुटतो. पहिला %डी आर१मधला कचरा छापतो, दुसरा वेळेचा खालचा अर्धा. नग बरोबर असूनही चुकीचा दिसतो. आम्ही दोन दिवस सेन्सर बदलत बसलो होतो. न्यूलिब-नॅनो (बोर्डांसाठीची छोटी सी लायब्ररी) असेल तर %एलएलयू आणि %झेडयूवर विसंबू नका. आणि स्वतःचं लॉग फंक्शन असेल तर त्याला फॉरमॅट अॅट्रिब्यूट (इथंही प्रिंटएफसारखं तपास, असं कंपायलरला सांगणारी खूण) लावा, नाहीतर कंपायलर तिथं बघतच नाही. टूल कशाला, जीसीसी फुकट सांगतोय.

निपाणी_६४: (इंट) कास्ट करून, म्हणजे आकड्याचा प्रकार बळंच बदलून, वॉर्निंग दाबू नका, उणे आकडे तसेच राहतात.

उद्यमबाग_बोर्डवाला: अॅट्रिब्यूट लावलं, ३१२च्या ३८० झाल्या! नॅनोच आहे. ६४ बिटच्या वेळेला १०००नं भागून सेकंद ३२ बिटमध्ये घेतले. पीआरआययू३२ मात्र घेत नाही. त्यात स्ट्रिंग तुकडे जोडून लिहावी लागते, ती आमच्या आयटीआयच्या पोरांना वाचता येत नाही. सगळीकडं (अनसाइन्ड लाँग) कास्ट आणि त्याचीच खूण %एलयू. आज ९० ओळी झाल्या.

टिळकवाडी: चालेल, पण -डब्ल्यूएरर=फॉरमॅट (फॉरमॅटची वॉर्निंग आली की एरर धरायचा पर्याय) लावूनच ठेवा.