नुसतं उभं राहून होत नाही
दिवसभर उभं राहिल्यानेच व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) होतात असं म्हणताय ते अर्धंच खरं आहे हो, नाहीतर सगळ्याच कंडक्टरांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी दिसल्या असत्या. शिरेच्या भिंतीत कोलॅजन नावाचं धाग्यांसारखं प्रथिन असतं, टाइप १ ताठपणा देतं, टाइप ३ लवचिकपणा, आणि फुगलेल्या शिरांत बऱ्याचदा टाइप ३ कमी पडलेलं सापडतं, मग भिंत सैल होते, शिरेतल्या रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा नीट मिटत नाहीत आणि रक्त खाली साचत राहतं. हे टाइप ३ बनवणारं जीन सीओएल३ए१, त्यातच बिघाड असला की व्हॅस्क्युलर एहलर्स-डॅनलॉस नावाचा आजार होतो, त्यात तर तरुणपणीच शिरा फुगू शकतात, पण तो आजार दुर्मिळ. १९९४ च्या एका फ्रेंच अभ्यासात आईवडील दोघांनाही त्रास असला तर मुलांना धोका ९० टक्के निघाला होता! तरी जीन टेस्टच्या मागे लागू नका, डॉप्लर (शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करा, झडप कुठे गळतेय ते त्यातच कळतं.