मदत हवी आहे: शाळेच्या अंकासाठी स्वतःबद्दल काय लिहू? उद्यापर्यंत द्यायचंय

धारूरची_पोर: कॅथलिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेय. सिस्टरांनी उद्या दुपारपर्यंत ओळख लिहून मागितलीय, आधीचं आयुष्य आणि इथून अपेक्षा. चार वेळा लिहून खोडलं. कुणाकडे नमुना असेल तर टाका ना, लवकर.

जालनेकर: कुठली शाळा? कितवीला? मराठीत की इंग्रजीत? काहीच न सांगता नमुना कशाचा मागताय?

नियमावर_बोट: ओळख राहू द्या. नेमणुकीचा आदेश हातात पडला का? 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ दिलेला आहे. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झालीय का?

औसेकर: अल्पसंख्याक शाळेला कुठली आली टीईटी? घटनेचं कलम 30 वाचा, अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क आहे.

नियमावर_बोट: असं सरसकट सांगून पोरांचं नुकसान करू नका. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असं म्हटलंय. म्हणजे तो सुटलेला नाही.

धारूरची_पोर: अहो, झालीय टीईटी! आदेशपण आहे. शाळा संभाजीनगरात, इंग्रजी माध्यम, मला पाचवी ते सातवीचं मराठी दिलंय. ओळख इंग्रजीत, दीडशे शब्द, सोबत फोटो. इंग्रजीचं मी बघून घेईन. अडलंय ते वेगळंच. आई-बाबा ऊसतोडीला जायचे. तिसरी-चौथीत दिवाळीनंतर मीपण कोपीवरच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असायचे, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायचे. पुढं आजीनं ठेवून घेतलं म्हणून शिकले. हे लिहू का नको? अंक पालकांच्या घरी जातो.

औसेकर: हे आधी सांगायचं ना. नका लिहू. ‘शेतकरी कुटुंब’ म्हणा, खोटंही नाही. गरिबी सांगितली की लोक आधी कीव करतात आणि मग किंमत कमी करतात. स्वतःचा अनुभव आहे.

कोयता_सुटला: काहून लपवायचं? माझा भाऊ टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडता फेडता म्हातारा झाला. तुम्ही लातूरवाले मार्कांशिवाय काही सांगतच नाहीत.

औसेकर: मी औशाचा आहे. आणि मार्कांचा इथे काय संबंध?

जालनेकर: मिशनऱ्यांना गरिबांचं वावडं नसतं. आमच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं गावच वसवलं होतं.

कॉन्व्हेंटच्या_बाई: ते प्रोटेस्टंट, जालनेकर. सिस्टर तिथे नसतात. असो. मी 22 वर्षं अशाच शाळेत शिकवलं, स्वतः हिंदू. पोरी, एक ऐक. ‘विद्यार्थ्यांचं भविष्य घडवायचंय’ असलं काही लिहू नकोस, दरवर्षीच्या अंकात तेच असतं. वर्गात आजवर काय घडलं ते सांग. आणि प्रार्थनेचं विचारलं नाहीस तरी सांगते: शांत उभं राहिलं की झालं, क्रूसाची खूण करायला आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. ते बहुतेक तुझ्याच गळ्यात पडेल.

सिडको_रूम्स: शिक्षिकांसाठी खोली आहे, नळ दिवसाआड. निरोप करा.

धारूरची_पोर: बाई, वर्गातलं आहे एक. परवा सहावीत विचारलं, कोयता म्हणजे काय? एक जण म्हणाला, ‘गँग’. सगळे हसले, मीपण हसले. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हिशोब तसाच धरतो. ते पोरांना सांगायचं राहून गेलं. दोन दिवस तेच डोक्यात आहे.

कॉन्व्हेंटच्या_बाई: अगं, मग हेच लिही की! आणि अपेक्षा म्हणून, मार्चच्या आत तो शब्द सगळ्या वर्गाला कळावा.

औसेकर: बरं, हे चालेल. पण कीव येईल असं वाक्य एकही नको.

धारूरची_पोर: बसलेय लिहायला. ‘उचल’ला इंग्रजीत काय म्हणू?

जालनेकर: अॅडव्हान्स.

धारूरची_पोर: अॅडव्हान्स तर आमच्या क्लार्कलापण मिळतो. पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडे जावं लागतं, ते त्यात कुठं येतं?

कोयता_सुटला: मग उचलच लिही. त्यांना विचारू दे.

नियमावर_बोट: टीईटी पेपर एक की दोन? सहावी-सातवीला दोन लागतो.