विंडोज लॅपटॉपवर डॉकर: रीलोड होत नाही, बिल्ड संपत नाही. सेटअप कसा ठेवावा?

(नागपूरकरांच्या चर्चेतून; प्रत्येकाची ओळख त्याच्या वस्तीच्या नावाने.)

गायत्रीनगर: चार जणांची टीम, सगळ्यांकडे विंडोज ११ आणि ८ जीबी रॅम. नोडचं ॲप आणि पोस्टग्रेस डेटाबेस, दोन्ही कंपोजवर (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं डॉकरचं साधन). फाइल सेव्ह केली तरी ब्राउझरमध्ये बदल दिसत नाही. एक ओळ बदलली तरी बिल्डमध्ये सगळी पॅकेजं पहिल्यापासून उतरतात. पहिल्यांदा अप केलं (कंपोजने सगळं सुरू केलं) की ॲप 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून पडतं, दुसऱ्यांदा चालतं. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे आणि लॅपटॉप आत्ताच तापून निघताहेत. काय बदलावं?

धरमपेठ: भाऊ, कोड सी ड्राइव्हवर आहे का? असेल तर रीलोडचं दुखणं तिथेच आहे. विंडोजच्या बाजूला फाइल बदलल्याची सूचना डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय, डॉकर तिच्यावरच चालतं) मधल्या लिनक्सला मिळत नाही, म्हणून वॉचर, म्हणजे फाइल बदलली का यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम, गप्प बसतो. पोलिंग (थोड्या थोड्या वेळाने स्वतः फाइली तपासणं) लावलं तर चालेल, पण मग प्रोसेसर दिवसभर फाइली चाळत राहतो. नागपूरच्या मे महिन्यात तो उपाय नकोच. रेपो डब्ल्यूएसएलमधल्या उबंटूच्या (लिनक्सच्या) होम फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करा आणि व्हीएस कोड डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शनने तिथूनच उघडा. जुनं फोल्डर उचलून नेऊ नका. त्यातलं नोड-मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) विंडोजसाठी बनलेलं असतं, बीक्रिप्टसारखं पॅकेज 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' देऊन अडतं.

आता बिल्डचं. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) आधी फक्त पॅकेज आणि पॅकेज-लॉक या दोन जेसन फाइली कॉपी करा, मग एनपीएम सीआय (पॅकेजं बसवणारी कमांड), मग उरलेला कोड. सगळं एकदम कॉपी केलं की एका अक्षराच्या बदलानेही त्याखालचे सगळे लेयर (इमेजचे टप्प्याटप्प्याने साठवलेले थर) पुन्हा बनतात. डॉकरइग्नोरमध्ये (कॉपीतून काय वगळायचं त्याची यादी) नोड-मॉड्यूल्स आणि गिट टाकाच.

गायत्रीनगर: सी ड्राइव्हवरच होता. हलवला, रीलोड लगेच होतंय. पण आता ॲप 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणतंय, इमेजमध्ये तर इन्स्टॉल झालेलं आहे.

मानेवाडा: बाइंड माउंटमुळे, म्हणजे लॅपटॉपवरचं फोल्डर थेट कंटेनरमध्ये जोडल्यामुळे. तुमचं फोल्डर कंटेनरच्या ॲप फोल्डरवर चढतं आणि इमेजमधलं नोड-मॉड्यूल्स झाकलं जातं. त्या पाथला वेगळं निनावी व्हॉल्यूम (डॉकरने सांभाळलेली साठवणीची जागा) द्या. मात्र व्हॉल्यूम रिकामं असतानाच इमेजमधून भरतं, त्यामुळे पुढे नवं पॅकेज टाकलं तरी जुनंच जोडलेलं राहतं. तेव्हा अपला बिल्डसोबत मोठ्या लिपीतला व्ही द्यायचा, म्हणजे निनावी व्हॉल्यूम नवं बनतं. डाउनला (सगळं बंद करणारी कमांड) छोटा व्ही देऊ नका, पोस्टग्रेसचा डेटा त्यासोबत जातो.

कंपोज २.२२ किंवा पुढचं असेल तर मी कंपोजची वॉच कमांड सुचवेन, ती बदल बघून स्वतः कंटेनरमध्ये नेते: सोर्स फोल्डरला सिंक, पॅकेज-लॉकला रीबिल्ड. बाइंड माउंट काढूनच टाका, ही कटकट उरत नाही.

धरमपेठ: डेटाबेसचं राहिलं. साधं डिपेंड्स-ऑन (कोण कोणानंतर सुरू व्हावं ते सांगणारी कंपोजची ओळ) कंटेनर सुरू होण्यापुरतंच थांबतं, पोस्टग्रेस तयार झालं का ते बघत नाही. पीजी-इझरेडीची (पोस्टग्रेस तयार आहे का ते विचारणारी कमांड) हेल्थचेक लावा, दर ५ सेकंदांनी, १० प्रयत्न, आणि डिपेंड्स-ऑनमध्ये अट सर्व्हिस-हेल्दी ठेवा. त्यात होस्ट म्हणून १२७.०.०.१ लिहायला विसरू नका. पहिल्या वेळी इमेज एक तात्पुरता सर्व्हर चालवते, तो नेटवर्कवर नाही, फक्त कंटेनरच्या आतल्या सॉकेट फाइलवर ऐकतो. होस्ट दिला नाही तर चेक त्यालाच 'तयार' समजते आणि ॲप परत पडतं.

मानेवाडा: रॅमचंही बघून घ्या. डब्ल्यूएसएल मुळात निम्म्या रॅमपर्यंत जातं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. युजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी ३ जीबी करा आणि डब्ल्यूएसएल शटडाउन देऊन पुन्हा सुरू करा, त्याशिवाय लागू होत नाही.